जिचं लग्न गुरुवारी आहे

बाई,

काल मी नववीच्या वर्गाला ‘हूज’ शिकवला. इंग्रजीच्या शिक्षिकेने हूज शिकवला यात सांगण्यासारखं काही नाही, हे मला कळतं. पण भूगावच्या या शाळेत मला चौदा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत हा भाग मी एकदाही स्वतः घेतला नव्हता. हू, विच आणि दॅट मी शिकवते आणि तिथे थांबते. पुढचं शेजारच्या तुकडीवरच्या शिक्षिकेकडे देते आणि त्याबदल्यात तिचं पत्रलेखन घेते. पत्रलेखनाच्या वह्या तपासायला कोणालाच आवडत नाहीत, त्यामुळे ही अदलाबदल तिला परवडते. तिने कधी कारण विचारलं नाही. यंदा ती बाळंतपणाच्या रजेवर आहे आणि तिच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. फळ्यावर शब्द लिहिला आणि मला पुढचं काही सुचेना. मग तुम्ही सांगायचात तेच सांगितलं. मराठीत कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी, कोणाचं घर, कोणाच्या गाई. जी वस्तू असेल तिच्याप्रमाणे शब्द बदलत जातो. इंग्रजीत कोणाचं काहीही असू दे, शब्द एकच. प्रश्न विचारायलाही तोच आणि दोन वाक्यं जोडायलाही तोच. पहिल्या बाकावरची एक मुलगी, जिचे आईवडील हिंजवडीला कंपनीत जातात, ती म्हणाली, “मिस, पण हू इजचा शॉर्ट फॉर्मपण हूजच होतो ना? दोन्ही सेम साउंड होतात. मग कळणार कसं?” मी म्हटलं, ऐकून कळत नाही, लिहिल्यावर कळतं. एकात वर स्वल्पविराम टांगलेला असतो, दुसऱ्यात नसतो. आधी मनात मराठी करून बघायचं, ‘कोण आहे’ म्हणायचंय की ‘कोणाचं’ म्हणायचंय. मग मुलं स्वाध्यायासाठी पेनं उघडून बसली आणि मी पुस्तकातली वाक्यं दिली. ज्याची टोपी टेबलावर आहे तो माणूस माझा काका आहे. मुळशीत टोपी टेबलावर ठेवणारा काका मी अजून पाहिलेला नाही, पण दिलं. तुमच्यासारखं ‘आपापल्या घरातली माणसं घ्या आणि पाच वाक्यं करून आणा’ असं म्हणणं मला जमलं नाही.

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. तुम्ही मिरजेकडून आमच्या कोळवणच्या खोऱ्यात आलात तेव्हा मी आठवीत होते. पहिल्याच दिवशी तुम्ही बाकाबाकाशी जाऊन प्रत्येकाला विचारत होता, “तू कोण?” माझ्यापाशी आलात तेव्हा मी उठून सवयीने म्हटलं, “आबांची धाकटी.” आमच्याकडे बांधावर, गिरणीत, एसटीच्या थांब्यावर कुठेही लहान पोर दिसलं की म्हातारी माणसं विचारायची, “कुनाची गं तू?” आणि त्याला हेच उत्तर होतं. वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, “ते वडिलांचं झालं. तुझं काय?” पुढे कधीतरी शिकवताना तुम्ही सांगितलंत की इंग्रजीत पेन कोणाचं, छत्री कोणाची असं विचारतात, माणसाला मात्र ‘हूज आर यू’ असं विचारत नाहीत. मला ते फार चमत्कारिक वाटलं होतं. कोणाची हे समजल्याशिवाय कोण हे कळायचं कसं?

शनिवारी सकाळची शाळा असायची. ती सुटली की तुम्ही मला तुमच्या खोलीवर नेत असा. गावातल्या एका शेतकऱ्याच्या घरामागची ती खोली, एका बाजूला पत्र्याची पेटी, दुसऱ्या बाजूला स्टोव्ह, आणि मधे चटईवर मी. तुम्ही ज्वारीची भाकरी थापायचात. आम्ही तांदळाची भाकरी खाणारी माणसं, मला तुमची ती करड्या रंगाची भाकरी आधी गिळवत नसे, मग तिच्यावाचून शनिवार शनिवार वाटेना. घरून आई पिशवीत आंबेमोहर द्यायची, बाईंना दे म्हणून, आणि तुम्ही दर वेळी पिशवी रिकामी करून तिच्यात शेंगदाण्याची चटणी भरून परत पाठवायचात. तव्यावरून भाकरी उतरवता उतरवता तुम्ही विचारायचात, “हूज भाकरी इज धिस?” मी म्हणायची, “माइन.” “मग उचल, करपेल.” एकदा मी स्वाध्यायात लिहिलं होतं की माझ्या वडिलांकडे लाल मोटार आहे. वाक्यात चूक काहीच नव्हती. तुम्ही पीठ लागलेल्या हाताने वही बाजूला सारलीत आणि म्हणालात, “खोटं वाक्य कशाला लिहितेस? तुमच्याकडे दोन बैल आहेत, त्यांना इंग्रजी येत नाही का?” मला रडू आलं होतं. तुम्ही समजूत काढली नाहीत. भाकरी वाढलीत आणि म्हणालात, आता बैलांचं लिही. त्या दिवसापासून तुमच्या वहीत मी खोटं वाक्य लिहिलं नाही.

मी नववीत गेले तेव्हा ताई दहावीत होती. माझ्याहून दीड वर्षाने मोठी. तिला सोळा वर्षं पूर्ण झाली आणि दिवाळीनंतर आबांनी तिचं लग्न ठरवलं. मुलगा नांदे गावचा, सत्तावीस वर्षांचा. घरी ट्रॅक्टर होता आणि जमीन होऊ घातलेल्या रस्त्याला लागून होती. आबा वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की असं स्थळ पुन्हा येणार नाही. त्यांच्या स्वतःच्या बहिणी पंधराव्या वर्षी गेल्या होत्या आणि सुखाने नांदत होत्या. तारीख निघाली ती परीक्षेच्या दीड महिना आधीची. एका दुपारी ताईने आपली दहावीची पुस्तकं गोळा केली आणि माझ्या दप्तराशेजारी ठेवली. “फुडच्या साली तुला व्हतील,” एवढंच म्हणाली आणि पापड वाळत घालायला गेली. तिला वाईट वाटत होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. मी तिला विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही.

लग्न गुरुवारी होतं. त्याच्या आधीच्या शुक्रवारी तुम्ही वर्गात हूज शिकवलात. मला एक बहीण आहे. तिचं लग्न गुरुवारी आहे. नाही, ही वाक्यं तुमची नव्हती, तुमची वाक्यं शेजारणीची आणि तिच्या शेळीची होती. दोन वाक्यं जोडताना दुसऱ्यातलं ‘तिचं’ जातं आणि त्या जागी हूज येतो, असं तुम्ही सांगितलंत आणि घरची माणसं घेऊन पाच वाक्यं करून आणायला लावलीत. मी ती ओट्यावर बसून लिहिली. आत बायका हळकुंडं कुटत होत्या. पहिलं वाक्य बैलाचं, दुसरं आजोबांचं, तिसरं आमच्या गळक्या गोठ्याचं. चौथं मी लिहिलं: आय हॅव अ सिस्टर हूज मॅरेज इज ऑन थर्सडे. आणि पाचवं: शी इज अ गर्ल हूज एज इज सिक्स्टीन.

शनिवारी वह्या जमा झाल्या. त्या शनिवारी मी तुमच्या खोलीवर आले नाही, घरात काम आहे म्हणाले. रविवारी आईने तांदूळ पोचवायला सांगितलं तर मी पोट दुखतंय म्हणून झोपून राहिले, आणि ताई पिशवी घेऊन तुमच्याकडे गेली. ती उंबऱ्यातच पिशवी देऊन परत आली होती, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. पण आबांच्या लक्षात राहिलं ते इतकंच, की लग्नाच्या चार दिवस आधी थोरली बाईंच्या खोलीवर गेली होती.

सोमवारी शाळा सुटल्यावर तुम्ही आमच्या घरी आलात. मी माजघराच्या दारामागे उभी आहे. आबा म्हणतात, “बसा बाई. च्या घ्या.” तुम्ही बसत नाही. तुम्ही सरळ सांगता की मुलगी सोळा वर्षांची आहे, हे लग्न कायद्यात बसत नाही, दीड महिन्यावर तिची परीक्षा आली आहे, दोन वर्षं थांबा.

“परीक्षा दिऊन काय व्हनार हाय?” आबा म्हणतात. “पोरगं चांगलं हाय. ते लोक न्हाई थांबायचे.”

“चांगलं असेल तर थांबेल.”

“बाई, तुमी इंग्रजी शिकवता. लई चांगलं शिकवता, धाकटी सांगती. पर आमच्या घरातलं तुमाला कुनी सांगितलं?”

“कोणी कशाला सांगायला हवं? गावात मांडव पडलाय.”

“मांडव पडलाय ते दिसतंय. पोरगी सोळाची हाय ते कुनी सांगितलं?”

“हजेरीपटात जन्मतारीख आहे. ती मी बघितली.”

ताई चहा घेऊन येते. तुम्ही तिच्याकडे बघता, काही विचारावं तसं तोंड उघडता, आणि आबा मधे म्हणतात, “तू आत हो.” ती आत येते, माझ्या शेजारून जाते, चुलीपुढे बसते. तुम्ही चहा न घेता निघून गेलात. बुधवारी दुपारी, हळदीची पंगत बसायच्या आधी, पौडहून जीप आली. दोन पोलीस आणि सुती साडीतली एक बाई. कोणी आरडाओरडा केला नाही. आबांनी मांडवात खुर्चीवर बसून कागदावर सही केली, मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत लग्न लावणार नाही म्हणून. नांद्याला निरोप गेला. संध्याकाळच्या आत मंडपवाल्याने कापड सोडून नेलं. ताई हात-गळा हळदीने माखलेली तशीच पाटावर बसून होती. तिला उठ म्हणायचं कोणाला सुचलं नाही. मग ती आपली आपण उठली, मागच्या दारी दगडावर बसली आणि तांब्या तांब्या पाणी घेऊन हात धुऊ लागली. मी पाणी काढून द्यायला गेले तर म्हणाली, “ऱ्हाऊ दे. माझं मी करती.”

पुढच्या सोमवारी तुम्ही वह्या परत दिल्यात. माझ्या वहीतलं ते पान नव्हतं. शिवणीपाशी पट्टी धरून फाडल्यासारखं, कोणाच्या ध्यानात येऊ नये इतकं सरळ फाडलेलं होतं. तुम्ही सगळ्या वर्गादेखत म्हणालात, “तुझ्या पानावर माझ्या हातून शाई सांडली. स्वाध्याय पुन्हा लिहून आण.” तुम्ही मला वाचवत होता. आबांना इंग्रजी येत नव्हतं, पण चुलत्यांना येत होतं. मी घरी जाऊन पाच नवी वाक्यं लिहिली, पाचही शेळ्यांची आणि झाडांची, आणि तुम्ही त्यांच्याखाली काही न लिहिता सही केलीत.

तुमचं काय झालं ते मी रोज बघत होते. महिन्याभरात तुम्हाला खोली सोडायला सांगितलं. घरमालक म्हणाले, पाहुणे यायचेत. तुम्ही पौडला राहायला गेलात आणि रोज एसटीने येऊ लागलात. गाडी चुकली की वडापच्या जीपला लोंबकळून यायचात. दुकानात तुमच्याशी कोणी बोलेना. शनिवारी तुमच्याकडे बसायला कोणी पोरींना पाठवेना, आणि मीही आले नाही, कारण मला कोणी पाठवलं नाही. एप्रिलमध्ये संस्थेने तुम्हाला पुढच्या वर्षी येऊ नका म्हणून कळवलं, आणि तुमच्या शेवटच्या दिवशी मी थांब्यावर तुम्हाला गाठलं. जुन्या खोलीवर राहून गेलेला स्टोव्ह तुमच्याजवळ होता, पोत्यात बांधलेला. तुम्ही म्हणालात, “मी तुझी माफी मागते. तू अभ्यास म्हणून लिहिलंस आणि मी ते वाचून तुझ्या घरात आले. तुला विचारायला हवं होतं. एवढ्याशा मुलीच्या वहीचा असा उपयोग करू नये.” मी खाली बघत होते. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. “तुझी काही चूक नाही, लक्षात ठेव. मोठी झालीस की तुला वाटेल आपण लिहायला नको होतं. तसं वाटून घेऊ नकोस.” गाडी आली. तुम्ही पोतं उचललंत, मी साधा हातही लावला नाही.

बाई, मी ते अभ्यास म्हणून लिहिलं नव्हतं. तुम्ही वाचाल म्हणून लिहिलं होतं. तुम्ही खोटी वाक्यं चालवून घेत नाही आणि खरी वाक्यं सोडून देत नाही, हे मला पुरतं ठाऊक होतं. ‘हूज एज इज सिक्स्टीन’ हे वाक्य कसं अवघडलेलं आहे, सोळा वर्षांची मुलगी असं साधं लिहिता आलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण वय तुमच्या डोळ्यांसमोर यायला हवं होतं म्हणून ते पाचवं वाक्य ओढूनताणून बनवलं. आणि तुम्ही समजाल तसं काही थोर मनातही नव्हतं. कायदा मला माहीत नव्हता. ताईने शिकावं असंही मला फार वाटत होतं असं नाही. ती गेली की शेण काढायला, पाणी आणायला, आईच्या हाताखाली मीच राहणार होते. शिवाय रोज तिच्या पाठीला पाठ लावून झोपायची मला सवय होती. मला ती हवी होती, एवढंच. थांब्यावर तुम्ही माफी मागत होता आणि मी मनात म्हणत होते, आता सांग, आता सांग. पण तुम्ही मला इतकं निष्पाप ठरवून टाकलं होतं की ते अंगावरून उतरवावंसं वाटेना.

घरातही मी निष्पापच राहिले. आबांनी ठरवून टाकलं होतं की ताईनेच रविवारी जाऊन बाईंना सांगितलं. तिने शपथ घेतली, आई रडून बोलली, पण ते मागे फिरले नाहीत. त्यांनी तिला मारलं नाही, टाकून बोलले नाहीत. फक्त तिच्याशी बोलणं सोडलं. “धाकटे, तिला सांग च्या टाक म्हनावं.” ती चार हातांवर बसलेली असायची. मी सांगायची, “ताई, चहा टाक.” अशी नऊ वर्षं. ती दहावी झाली, जेमतेम झाली, आणि घरी बसली. मोडलेल्या लग्नाची मुलगी म्हणून स्थळं यायची नाहीत, आली तर हळदीपर्यंत गेलेलं प्रकरण ऐकून परत फिरायची. आबांनी तिच्यावरचा सगळा जीव काढून माझ्यावर लावला. मला पौडच्या कॉलेजात घातलं, पुढे पुण्याला बीएडला पाठवलं. “धाकटीनं शिकावं,” ते म्हणायचे. इंग्रजी घेऊन बीए होणारी आमच्या वाडीतली मी पहिली. पंचविसाव्या वर्षी ताईचं लग्न झालं, कंपनीची बस चालवणाऱ्या एका चांगल्या माणसाशी. पाठवणीच्या वेळी ती आबांच्या पाया पडली. त्यांनी अक्षता टाकल्या, बोलले नाहीत.

माझं बीएड झालं तेव्हा तुमचं पत्र आलं. कुठून कळलं होतं तुम्हाला, कोण जाणे. मराठीत लिहिलं होतंत, अभिनंदन केलं होतंत, आणि शेवटी: ‘ताई कशी आहे? तिच्याशी मी एक शब्दही बोलले नाही याचं मला अजून वाटतं.’ मी उत्तर लिहायला तीनदा बसले. ताई चुलीपुढे आहे, असं कसं लिहायचं? पुढच्या वर्षी ताईच्या लग्नानंतर लिहू म्हटलं, तेव्हा काहीतरी चांगलं कळवता येईल. तोवर शाळेतल्या जुन्या शिपायाकडून समजलं की तुम्ही मिरजेला आजारी होतात आणि गेलात.

दोन वर्षांपूर्वी आबांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ताई भूगावच्या एका दवाखान्यात रुग्णांची कामं करते, त्यांना कुशीवर वळवणं, अंग पुसणं, भरवणं. तिने रजा टाकली आणि गावी जाऊन राहिली. मी शनिवार-रविवार जायची. एकदा मी दारात पोचले तर ती त्यांना पेज भरवत होती. “आबा, आं करा. थोडं हाय आता.” ते तिच्याकडे बघत होते. डाव्या हाताने तिचं मनगट धरलं होतं त्यांनी, आणि घशातून आवाज येत होता, शब्द होत नव्हता. ती म्हणाली, “काय म्हनताय, आबा? मला कळंना.” परत आवाज. ती वाकली, त्यांच्या तोंडाशी कान नेला, बराच वेळ तशी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुला काय कळतंय का बघ. तुला कळायचं त्यांचं.” मी जवळ गेले. मलाही कळलं नाही.

आबा गेले त्याच्या पंधराव्या दिवशी आम्ही दोघी त्यांची खोली आवरत होतो. दुपारची वेळ, आई शेजारी गेली होती. ताई त्यांच्या घोंगडीची घडी घालत होती. घालता घालता म्हणाली, “मी न्हवतं सांगितलं गं बाईंना. शेवटपत्तुर त्यांना खरं वाटलं न्हाई.” सहज बोलली, माझ्याकडे न बघता, हजारदा बोललेलं असावं तसं. आणि मी सांगितलं. वहीचं, दोन वाक्यांचं, फाडलेल्या पानाचं.

ती घोंगडी हातात धरून उभी राहिली. “तू लिहिलंवतंस?”

“हो.”

“मुद्दाम?”

“हो.”

“लगीन मोडलं त्याचं मला कदी काय वाटलं न्हाई,” ती म्हणाली. “ते बरंच झालं म्हन. मला बी भ्या वाटत व्हतं. पर तू आबांना का न्हाई सांगितलंस?”

मी उशीचा अभ्रा काढू लागले.

“तुला मारलं असतं व्हय त्यांनी? तुला कदी हात तरी लावला का? चार दिस रुसलं असतं आन् इसरलं असतं. तुझ्यावं ते रुसूनच ऱ्हायचं न्हाईत.” तिचा आवाज चढला नव्हता. “नऊ वर्सं मी त्यांच्या म्होरं ताट ठेवलं. एक दिस म्हनलं न्हाई, पोरी, मीठ कमी हाय.”

“मला भीती वाटली, ताई.”

“चौदाव्या वर्सी वाटली आसंल. पंचविसाव्या वर्सी कसली भीती?”

तिने घोंगडी खाटेवर ठेवली, पिशवी भरली, आईची वाट न बघता साडेचारच्या एसटीने निघून गेली. त्याला चौदा महिने झाले. भांडण नाही. तिची मुलगी आता नववीत आहे, दर शनिवारी माझ्याकडे इंग्रजीला येते. ताई तिला स्कूटीवरून सोडते, तासाने न्यायला येते आणि इमारतीच्या फाटकाबाहेर थांबते. मी वरून बघते. ती हेल्मेट काढत नाही. पोरगी निघताना मी म्हणते, आईला वर बोलाव, चहा घेऊ. ती खाली जाते, दोघींचं काहीतरी बोलणं होतं, गाडी चालू होते. पुढच्या शनिवारी पोरगी सांगते, “मावशी, मम्मीला घाई होती.”

तुमची माफी मागायला हवी, तीही उरलीच आहे. तुमची खोली गेली, नोकरी गेली, आणि एका पोरीच्या विश्वासाला तडा दिला असं समजत तुम्ही गेलात. तसं काही नव्हतं, बाई. त्या पोरीने तुम्हाला हाक मारली होती आणि तुम्ही आलात. हे तुम्हाला तेव्हा कळलं असतं, तर मिरजेच्या त्या आजारपणात एक गोष्ट तरी मनातून उतरली असती. ते पत्र आलं होतं तेव्हा एका ओळीचं काम होतं.

हे कुठे टाकायचं नाही. तुमच्या पत्त्यावर आता कोण राहतं, मला माहीत नाही. पण एक गोष्ट खरी सांगते आणि थांबते. मी आज तुम्हाला लिहायला बसलेच नव्हते. कागदावर पहिला शब्द ‘ताई’ लिहिला होता. तो तासभर तसाच होता, त्याच्यापुढे काही येईना. ती वाचेल, मग काहीतरी विचारेल, आणि मला सांगावं लागेल. तुम्ही काही विचारणार नाही. म्हणून मी एक अक्षर खोडलं आणि त्याची ‘बाई’ केली.